छोट्या गाण्याच्या कार्यक्रमाला स्पीकर किती इंची घ्यायचा?

गणपती, कोजागिरी जवळ आली की हा प्रश्न ठरलेला, "८ इंची घेऊ, १२ घेऊ, का सरळ १५च घेऊन टाकू?" (इंच म्हणजे डब्यातल्या मोठ्या गोल पडद्याचा, कोनचा, व्यास.) आणि बहुतेक जण १५ वर जातात, कारण मोठा डबा म्हणजे मोठा आवाज असं डोक्यात बसलेलं असतं. मीही तेच केलेलं. सोसायटीचा हॉल, ६० माणसं, पेटी-तबला आणि दोन गायक, एवढ्यासाठी दोन १५ इंची डबे आणून फरशीवर मांडले. पुढच्या रांगेतल्या आज्या कानावर पदर धरून बसल्या आणि मागून ओरडा, "अहो शब्द कळत नाहीयेत!"

१. आधी माणसं मोजा आणि जागा बघा. बंद खोलीत किंवा कॅफेत ३०-४० जण असतील तर ८ इंचीची जोडी भरपूर झाली. शंभरापर्यंत १० किंवा १२. गच्ची किंवा मोकळं पटांगण असेल तर एक साइज वर जा, कारण तिथे भिंतींवरून परत येणारा आवाज नसतो, अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) कमी होतात. म्हणजे ३ मीटरवर बसलेल्या आजीपेक्षा १२ मीटरवरच्या माणसाला १२ डीबी कमी.

२. आता बघा सगळ्यात खालचा सूर कोण वाजवणार, इंचाचा खरा संबंध इथे येतो. नुसता गळा, पेटी, गिटार असेल तर काम ८०-१०० हर्ट्झच्या (सेकंदाला इतकी कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा) वरच चालतं, गिटारची सगळ्यात जाड तार ८२ ला असते, ते ८ किंवा १० इंची आरामात काढतो. तबला असेल तर मी १२ घेईन, डग्गा जरा भरदार वाटतो. पण बेस गिटार (जाड तार ४१ हर्ट्झ) किंवा ड्रमचा किक (पायाने वाजवायचा मोठा ढोल) असेल तर १५ च्या मागे लागण्यापेक्षा १० किंवा १२ चे टॉप (वर ठेवायचे मुख्य स्पीकर) आणि खाली एक सब (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर), हे केव्हाही बरं. १५ इंचीचा मोठा कोन मधले सूर वाजवायला लागला की आवाज समोरच एकवटतो, बाजूला बसलेल्यांना शब्द गढूळ ऐकू येतात, आणि आपल्याकडे तर लोक शब्दांसाठीच गाणं ऐकतात.

३. डब्यावरच्या वॅटला भुलू नका. दुकानदार "१००० वॅट आहे साहेब" म्हणाला की विचारा, पीक (क्षणभर झेपणारे वॅट) का आरएमएस (सतत झेपणारे)? पीकचा आकडा नुसता मिरवायला असतो. आणि ५०० चे १००० वॅट केले तरी वाढतात फक्त ३ डीबी, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती आवाज निघतो) आणि मॅक्स एसपीएल (जास्तीत जास्त किती मोठा आवाज निघतो) बघा.

४. उचलून बघा, खरंच, दुकानातच उचला. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर न्यायचाय असं समजून उचला. माझे १५ इंची डबे मी याच कारणाने विकले, आवाजाचं कारण नंतर सांगायला लागलो.

५. स्टँडचे पैसे बजेटमध्ये धरा. स्पीकरचा वरचा भोंगा (उंच सुरांचा भाग) बसलेल्या लोकांच्या डोक्याच्या वर यायला हवा, फरशीवर ठेवला तर पुढची रांगच सगळा आवाज खाते. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवलात की शिट्टी मारणारच. गायकाच्या माइकला मिक्सरवर लो कट (खालचे सूर कापणारं बटण), साधारण १०० हर्ट्झ, दाबून टाका.

आमच्या त्याच हॉलमध्ये पुढच्या वर्षी भाड्याने १२ इंचीची जोडी आणली, स्टँडवर चढवली. कार्यक्रमाआधी एकाला शेवटच्या खुर्चीवर बसवलं आणि माइकवर गाणं नाही तर साधं बोललो, "सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पाणी येणार नाही." तिकडून लगेच आवाज आला, "परत?"