पुस्तकांचे चेपलेले कोपरे

जुनी पुस्तकं ऑनलाइन विकायला लागलो तेव्हा माझं पॅकिंग म्हणजे एक प्लॅस्टिकची पिशवी आणि वर खाकी कागद. जुलैत चिपळूणला पाठवलेल्या दोन खंडांचा फोटो आला. कोपरे चेपलेले, खालचा खंड भिजून पावासारखा फुगलेला. मुकाट्याने पैसे परत केले.

आधी बबल रॅप वाढवला. उपयोग शून्य. रॅपने ओरखडे वाचतात, पण पार्सल कोपऱ्यावर आपटलं की मार पुस्तकालाच बसतो.

मग वाण्याकडून बिस्किटांचे रिकामे खोके आणले (साबणाचे नकोत, पानांना वास लागतो). आता पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे कापतो. वर दोन, खाली दोन. एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाहीत. आपटलं तर बाहेर आलेली कड चेपते, कोपरा शाबूत. त्याआधी पुस्तक कोऱ्या कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टीने बंद. वर्तमानपत्र मी वापरत नाही, शाई फिक्या मुखपृष्ठाला लागते. शेवटी खोका कानाशी धरून हलवायचा. आत खुडबुड झाली की पुन्हा उघडून कागदाचे बोळे कोंबायचे. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाकतो.

ऑगस्टात त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा पुस्तक मागवलं. खोका भिजून मऊ पडला होता, पुस्तक मात्र कोरडं ठणठणीत. तक्रार एकच: "अहो, उघडायला अर्धा तास लागला!"