सांगलीहून पोर्तुगालला स्थलांतर: तयारी कोणत्या क्रमाने करावी

पश्चिम युरोपात त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून पोर्तुगालचा विचार करणाऱ्यांनी आधी आपले उत्पन्न कोणत्या व्हिसात बसते, हे पाहावे. पेन्शन, घरभाडे, व्याज, लाभांश यांवर राहणाऱ्यांसाठी डी-7 आणि परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्यांसाठी डी-8 व्हिसा आहे. डी-7 साठी तिथल्या किमान वेतनाइतके, म्हणजे 2025 च्या हिशेबाने दरमहा 870 युरो उत्पन्न लागते. जोडीदारासाठी त्यात निम्म्याची आणि प्रत्येक मुलासाठी 30 टक्क्यांची भर पडते. डी-8 साठी किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते. द्राक्षबागेचा किंवा उसाचा पैसा कितीही असला तरी तो दरमहा येत नाही आणि खंडाची रक्कम बहुधा रोखीत मिळते, त्यामुळे अर्जात त्याचा फारसा उपयोग होत नाही. विश्रामबागेतला एखादा गाळा नोंदणीकृत कराराने भाड्याने दिलेला असून भाडे दरमहा खात्यात जमा होत असेल, तर ते कितीतरी भक्कम ठरते.

सर्वाधिक वेळ नावे जुळवण्यात जातो. जन्मनोंदीत ‘बाळू’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. पत्नीचे माहेरचे व सासरचे नाव हा आणखी वेगळा विषय. राजपत्रातील नावबदल आणि नोंदींची दुरुस्ती आधी उरकावी, मगच जन्म व विवाहाचे दाखले राज्य सरकारच्या प्रमाणीकरणासाठी आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलसाठी, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणाऱ्या शिक्क्यासाठी, पाठवावेत. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र मात्र सर्वांत शेवटी काढावे, कारण ते ताजेच लागते.

तिथला करक्रमांक, म्हणजे एनआयएफ, प्रतिनिधीमार्फत भारतातूनच काढता येतो आणि बँक खाते व भाडेकरार यांसाठी तो लागतो. लिस्बनमधील भाडी पाहून स्वस्ताईची कल्पना लगेच विरते. कास्तेलो ब्रांको, एव्होरा यांसारखी आतल्या भागातील शहरे परवडतात. घर निवडताना ओल अवश्य तपासावी, कारण अनेक जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते आणि हिवाळ्यात भिंतींना बुरशी धरते. निवासी व्हिसा चार महिन्यांचा असतो. तेवढ्या मुदतीत तिथे पोहोचून आयमा या सरकारी संस्थेकडून निवास परवान्याची प्रक्रिया करावी लागते. पहिला परवाना दोन वर्षांचा मिळतो.

जमिनीचे काम निघण्यापूर्वीच संपवावे. अनिवासी भारतीयाला वडिलोपार्जित किंवा पूर्वी घेतलेली शेती ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे शेजारचे वावर घ्यायचे मनात असेल, तर त्याचा निर्णय आताच करावा. वारसनोंद आणि वाटणी रखडली असल्यास तलाठ्याकडे पाठपुरावा करून फेरफार मंजूर झाल्याचे आणि सातबारावर नाव लागल्याचे स्वतः पाहावे. बचत खाते बँकेला कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे भारतातील उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्यावे. मागे राहणाऱ्याला द्यायचे कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत असावे आणि त्यात कामे मोजून लिहावीत: भाडे गोळा करणे, वीजबिल व शेतसारा भरणे, कार्यालयात अर्ज देणे. मुखत्यार सख्खा भाऊ असला तरी विक्रीचा अधिकार त्यात घालू नये.