पोलीस फोटोग्राफर आणि सिरीयल किलरची थ्रिलर लिहिताय? या चुका टाळा

क्राईम थ्रिलर लिहिणारी नवी मंडळी मला हस्तलिखितं वाचायला पाठवतात आणि हल्ली त्यात पोलीस फोटोग्राफर विरुद्ध सिरीयल किलर हा विषय सारखा येतो. विषय भारीच आहे, पण चुका त्याच त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे लाल दिवा. गोष्ट १९९० च्या आसपासची, हिरो डार्करूममध्ये लाल दिवा लावून बसलेला, कॅमेऱ्यातनं रोल काढतो, धुतो, ट्रेमध्ये कागद हलवतो आणि हळूहळू खुन्याचा चेहरा वर येतो, तोही निळ्या शर्टासकट. अहो, लाल दिवा चालतो तो ब्लॅक अँड व्हाईट प्रिंटच्या कागदाला! फिल्मला ठार अंधार लागतो, रोल चाचपडत स्पूलवर चढवायचा आणि फिल्म धुण्याच्या टाकीचं झाकण बसेपर्यंत काडीसुद्धा ओढायची नाही. कलर कागदालाही लाल दिवा चालत नाही, आणि कलर निगेटिव्हचा डेव्हलपर, म्हणजे धुण्याचं रसायन, ३८ डिग्रीला लागतो, जरा इकडेतिकडे झालं की रंग बिघडले. एका लेखकाला हे सगळं समजावलं तर म्हणाला, वाचकाला कुठे एवढं कळतं, आणि तसंच छापलं. पुढे एका तालुक्याच्या वाचनालयात त्या कादंबरीवर कार्यक्रम झाला, मी होतो तिथे. मागच्या रांगेतनं एक आजोबा उठले, आयुष्यभर स्टुडिओ चालवलेले, पोलीस स्टेशनातनं बोलावणं आलं की पंचनाम्याचे फोटो काढायला जाणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळा, लाल दिव्यात रोल उघडलास तर तो अख्खा फॉग होणार, उजेड लागून वाया जाणार, मग खुनी दिसला कशात?" त्यानंतर लोकांनी पुस्तकातल्या बाकीच्या पुराव्यांचीही उलटतपासणी सुरू केली, कथेबद्दल कुणी बोलेचना.

आणि खरं तर थरार अंधारातच जास्त आहे. रोल अर्धा चढलाय, दार कुणीतरी वाजवतंय आणि दिवा लावला तर पुरावा गेला. लेखकाला घाई असते म्हणून हे दिसत नाही. मी स्वतः त्या काळातला स्टुडिओवाला गाठतो, चहा सांगतो आणि त्याला बोलू देतो.

दुसरी माझी दुखरी नस, यूव्ही टॉर्च मारली की भिंतीवरचं रक्त चमकतं म्हणे. नाही चमकत, उलट काळपट दिसतं. उजेड देतं ते ल्युमिनॉल, रक्त शोधायला फवारतात ते रसायन, त्याला टॉर्च नको, अंधार हवा, निळसर उजेड थोडाच वेळ टिकतो म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर आणि एक्सपोजर लांब. शिवाय ते ब्लीचलाही चमकतं, म्हणजे नुसती घासून पुसलेली मोरीसुद्धा संशयित ठरू शकते. यावर तर अख्खं प्रकरण उभं राहील!

घटनास्थळी आल्या आल्या मृताच्या डोळ्यांचा क्लोजअप नको. आधी लांबून, मग मधून, मग जवळून, आणि जवळचा दोनदा, एकदा मोजपट्टी ठेवून, एकदा पट्टीशिवाय. बुटाच्या ठशाला कॅमेरा बरोबर वरून, फ्लॅश बाजूने तिरपा. हिरोला सुरी उचलायला लावू नका.

गोष्टीतला खून १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर जुन्या आयपीसीचं ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. कोर्टात पेनड्राईव्ह आपटून कोणी जिंकत नाही, अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं सर्टिफिकेट लागतं. जालन्यातल्या निवडणुकीवरून कोर्टात गेलेल्या अर्जुन खोतकरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय.

आता किलर. कविता म्हणणारा, बुद्धिबळ खेळणारा, पोलिसांना कोडी पाठवणारा. कंटाळा आला. रमन राघव बघा, मुंबईत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना मारत होता. १९६५-६६ च्या हल्ल्यांच्या वेळीही तो पोलिसांच्या हाती लागला होता, पुराव्याअभावी सुटला. ऑगस्ट १९६८ मध्ये सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्होंनी त्याला रस्त्यात ओळखलं ते रेकॉर्डवरच्या फोटोवरून आणि वर्णनावरून. तो फोटो कुणीतरी काढला होता ना? तुमचा फोटोग्राफर हिरो तिथे आहे, आणि त्याला पाठलाग किंवा मारामारी करायची गरजही नाही.

हस्तलिखित पाठवताना प्रत्येक घटनास्थळाच्या फोटोंची यादी जोडा, कुठला फोटो कुठे उभं राहून, कशाचा, किती वाजता. खोलीचा कच्चा नकाशाही काढा. मी आधी तेच वाचतो.