हिवाळ्यात कटथ्रोट ट्राउट फ्लायवर कसा पकडायचा: फ्रेझर व्हॅलीतल्या नद्या आणि स्लू

सॅमनचा सीझन उतरला आणि पाऊस लागला की कॅनडात व्हँकुव्हर, सरे, ॲबट्सफर्डकडे बऱ्याच जणांच्या रॉड कपाटात जातात. मला विचाराल तर खरी मजा तिथूनच चालू होते. नोव्हेंबर ते मार्च कोस्टल कटथ्रोट ट्राउट हॅरिसन, स्टेव्हसारख्या नद्यांत आणि निकोमेन स्लूसारख्या बाजूच्या संथ पाण्यात (स्लू म्हणजे नदीचा जुना फाटा) फिरत असतो, काठावर गर्दी नसते, आणि पाणी 5-6 डिग्रीवर असलं तरी हा मासा फ्लायमागे, म्हणजे पिसं-दोऱ्याने गळावर बांधलेल्या नकली भक्ष्यामागे, धावून येतो. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कटथ्रोट एका खड्ड्यात बसून राहत नाही, खाणं सरकलं की तोही सरकतो. त्यामुळे आज काय करायचं, कुठे जायचं, कुठली फ्लाय बांधायची, हे सगळं त्याच्या ताटात आत्ता काय आहे ह्यावरून ठरवायचं.

आधी कागदपत्रं. ब्रिटिश कोलंबियाचं फ्रेशवॉटर लायसन्स ऑनलाइन मिळतं, त्याच्या आधी एफडब्ल्यूआयडी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, काढावा लागतो. फ्रेझर नदी मिशनच्या रेल्वे पुलाच्या खाली भरती-ओहोटीची धरतात, तिथे टायडल लायसन्स वेगळं लागतं, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. नद्यांमध्ये एकच गळ, तोही बार्बलेस, म्हणजे उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. आणि लोअर मेनलँडच्या, म्हणजे व्हँकुव्हर ते फ्रेझर व्हॅली ह्या भागाच्या, वाहत्या पाण्यातला जंगली ट्राउट सोडायचाच. जंगली की हॅचरीचा, म्हणजे केंद्रात वाढवून सोडलेला, हे शेपटीच्या आधी पाठीवर जो छोटासा मांसल पर असतो त्यावरून कळतं, पर शाबूत असेल तर जंगली, कापलेला असून जखम भरलेली दिसली तर हॅचरीचा. नियम मधेच बदलतात, म्हणून निघायच्या आधी ह्याच भागाचं, म्हणजे रिजन 2 चं, नियमांचं पान एकदा उघडून बघाच.

सामान फार लागत नाही. 9 फुटी 5 किंवा 6 वेटचा रॉड (वेट म्हणजे रॉड-लाइनच्या जडपणाचा नंबर), एक फ्लोटिंग लाइन आणि जमलं तर दुसऱ्या स्पूलवर क्लिअर इंटरमिजिएट लाइन, जी अगदी हळू बुडते आणि स्लूच्या नितळ पाण्यात दिसत नाही. 9 फुटांचा लीडर, म्हणजे लाइनच्या पुढची निमुळती नायलॉन दोरी, टोकाला 6 ते 8 पाउंडाचा टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक धागा. कपड्यांत मात्र काटकसर नको, वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या वॉटरप्रूफ पँटच्या, आत लोकर किंवा फ्लीस घाला, कॉटन अजिबात नको. बूट एक साइज मोठे घ्या, दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाले की रक्त फिरत नाही आणि तासाभरात पाय बधिर होतात. वेडर्सचा पट्टा कमरेला आवळलेलाच हवा, घसरून पडलात तर पाणी झटकन आत भरत नाही.

आता खाण्याचं बघू. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चम आणि कोहो सॅमन अंडी घालायला वर येतात, आणि वाहून आलेली अंडी वेचायला कटथ्रोट त्यांच्या मागे थांबतात. ह्या काळात एग फ्लाय, म्हणजे अंड्यासारखी दिसणारी, पण रंग बघून. ताजं अंडं नारिंगी-गुलाबी आणि पारदर्शक असतं, पाण्यात पडून मेलेलं अंडं दुधाळ, फिकट पीच रंगाचं होतं, आणि सीझन जसा पुढे सरकतो तसा तो फिकट रंगच जास्त चालतो. छोटा इंडिकेटर, म्हणजे तरंगणारी खूण, लावा, फ्लाय तळाच्या जरा वर, प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्या, लाइनने ती ओढली जातेय असं वाटलं की लगेच मेंड करा म्हणजे लाइन उचलून वरच्या अंगाला टाका. अंडी घालत असलेल्या सॅमनच्या अंगावर कास्ट करायचं नाही, त्यांच्या खालच्या बाजूला जिथे उथळ पाणी खोल व्हायला लागतं ती कड धरा. डिसेंबरमध्ये मेलेल्या सॅमनचं मांस तुटून वाहत असतं, तेव्हा मळकट पांढरी, फिकट गुलाबी फ्लेश फ्लायसुद्धा चालते. हॅरिसन मिल्सला ह्याच मेलेल्या सॅमनसाठी बाल्ड ईगल मोठ्या संख्येने जमतात, लॉहीड हायवेच्या पुलाजवळ झाडांवर बसलेले दिसतात, आणि गरुड जिथे खाली उतरतायत तिथे पाण्यात काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

जानेवारीत अंडी संपतात आणि मला सगळ्यात आवडणारा भाग सुरू होतो, तो म्हणजे स्लू. इथे जवळजवळ थांबलेलं पाणी, काठाला गवत, पडलेली झाडं, आणि त्यात स्टिकलबॅक नावाचे बोटभर मासे. कटथ्रोट दोन-चारच्या टोळीने काठाकाठाने गस्त घालत येतात आणि ह्या छोट्या माशांना गवताकडे रेटतात. तुम्ही आल्या आल्या पाण्यात उतरू नका, दहा मिनिटं मागे उभं राहून नुसतं बघा. छोटे मासे एकदम पाण्याबाहेर उडाले किंवा पाण्याला आतून ढुशी दिल्यासारखा फुगवटा आला, की तोच. कास्ट त्या फुगवट्यावर नाही टाकायची, तो ज्या दिशेला चाललाय त्याच्या पुढे सात-आठ फूट टाकायची. फ्लाय रोल्ड मडलर (छोट्या माशासारखी दिसणारी) किंवा ऑलिव्ह रंगाची बारीक वूली बगर (पिसांची, झुपकेदार शेपटीची), 8 नंबरच्या गळावर. इंटरमिजिएट लाइन दोन-तीन फूट बुडू द्या, मग चार-पाच इंचाच्या दोन झटपट स्ट्रिप (म्हणजे हाताने लाइन खेचणं) आणि एक थांबा, परत दोन आणि थांबा. बहुतेक वेळा घास त्या थांब्यालाच येतो, हाताला जड वाटतं किंवा लाइन नुसती सैल पडते. त्या क्षणी रॉड वर उचलायचा मोह होतो, तो आवरा, डाव्या हाताने लाइनच लांब खेचा, म्हणजे गळ बसला नाही तरी फ्लाय तिथेच राहते आणि मासा परत वळून घेऊ शकतो. दहा-बारा कास्टमध्ये काही नाही झालं तर पंधरा पावलं पुढे. एकाच जागी तासभर उभं राहणं ह्या माशाला चालत नाही.

पावसाचंही गणित आहे. पाइनॅपल एक्सप्रेस आला, म्हणजे हवाईकडून येणारा उबदार मुसळधार पाऊस, की डोंगरातून सरळ येणाऱ्या नद्या चहासारख्या होतात. पण हॅरिसन मोठ्या तलावातून निघते, गाळ तलावातच बसतो, म्हणून इतर नद्या गेल्या तरी ती बऱ्यापैकी नितळ असते. स्टेव्हवर वर रस्किन धरण आहे, तिथे पाऊस नसतानाही पाणी चढू शकतं, म्हणून काठावरच्या एका दगडावर लक्ष ठेवा, तो बुडायला लागला की ताबडतोब बाहेर. स्लूमध्ये धोका वेगळा, तळाला गाळ इतका मऊ असतो की पाय गुडघ्यापर्यंत जातो, काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो, नदीत चालताना खाली बघा. तळाच्या खडीत जिथे स्वच्छ, उजळ, खरवडल्यासारखा पट्टा दिसेल ते सॅमनचं घरटं आहे, अंडी त्या खडीच्या आत हिवाळाभर असतात, आणि आपल्या एका बुटाखाली त्यातली कितीतरी चिरडतात. वळसा घाला. पुढच्या वर्षांचे सॅमन तिथे आहेत आणि मार्चमधलं कटथ्रोटचं जेवणही.

मासा लागला की हात आधी ओले करा, त्याला पाण्यातच ठेवा आणि पक्कडीने गळ सोडवा. जबड्याखालच्या दोन नारिंगी-लाल रेघा बघा, समुद्रातून नुकत्याच आलेल्या चंदेरी माशात त्या अगदी पुसट असतात, मग डोळ्याच्या मागे गेलेल्या वरच्या जबड्यावरून आणि पोटापर्यंत पसरलेल्या ठिपक्यांवरून ओळखा. पारा शून्याखाली असेल तर फोटोचा नाद सोडा, नाजूक कल्ले हवेत गोठतात.

फेब्रुवारी संपता संपता खडीतून फ्राय निघतात, जेमतेम दीड इंचाची सॅमनची पिल्लं, आणि चम, पिंक ह्या सॅमनच्या जातींची पिल्लं थेट समुद्राकडे चालू लागतात. फ्रेझरमध्ये पिंक विषम वर्षी येतात, त्यामुळे त्यांची पिल्लं सम वर्षी वसंतात उतरतात, ती वर्षं जरा खासच. चंदेरी अंग, ऑलिव्ह पाठ अशी तेवढीच फ्लाय प्रवाहाला आडवी, जरा खालच्या अंगाला टाका, ती फिरत काठाला आली की पाच सेकंद तशीच लटकू द्या, आणि मगच खेचा. तेव्हा जुनं लायसन्स मात्र तपासा, ते 31 मार्चला संपतं आणि फ्राय तर एप्रिलमध्येही उतरत असतात.