मुलांमध्ये मदतीची वृत्ती कशी रुजवावी

मुलांना दयाळूपणा शिकवायचा म्हणजे त्याविषयी त्यांना सांगत राहायचे, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. निरनिराळ्या समाजांतील बालसंगोपनाचे अभ्यास पाहिले तर मात्र सांगण्यापेक्षा सोपवण्याला अधिक महत्त्व असल्याचे दिसते.

बिआट्रिस आणि जॉन व्हायटिंग या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, जपानमधील ओकिनावा, उत्तर भारत आणि अमेरिका येथील प्रत्येकी एका वस्तीतील मुलांच्या रोजच्या वागण्याची बारकाईने नोंद झाली. तिचे विश्लेषण १९७५ साली ग्रंथरूपाने आले. पहिल्या तीन ठिकाणची मुले दुसऱ्याला मदत करण्यात आणि धीर देण्यात पुढे होती, तर उरलेल्या तीन ठिकाणी स्वतःसाठी मदत मागणे, लक्ष वेधून घेणे आणि हुकूम सोडणे यांकडे मुलांचा कल अधिक होता. म्हणजे ही विभागणी पूर्व आणि पश्चिम अशी नव्हती. शिवाय मोठ्या कुटुंबात वाढलेली मुले आपोआप मायाळू होतात, या आपल्या आवडत्या कल्पनेलाही तिच्यातून दुजोरा मिळाला नाही. पुढे असलेल्या वस्त्यांमध्ये धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि घरकामाला हातभार लावणे मुलांच्या वाट्याला लवकर येत असे.

यावर कोणी म्हणेल की मुळात समजूतदार असलेल्या मुलांनाच कामे सांगितली जात असतील. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोल एम्बर यांनी केनियातील लुओ समाजात केलेला आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या शंकेला बऱ्याच अंशी उत्तर देतो. तेथे बाळाला सांभाळणे हे मुलींचे काम मानले जाई, पण योग्य वयाची बहीण नसलेल्या घरांत ते मुलग्यांकडे येई, आणि असे मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी आक्रमक व अधिक मदतशील आढळले. घरकामातून मुलग्यांना वगळणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष जरूर विचारात घ्यावा.

तेव्हा सुरुवात कामापासून करावी, परंतु काम निवडताना एक कसोटी लावावी: ते राहून गेले तर दुसऱ्या कोणाची तरी अडचण झाली पाहिजे. स्वतःचे दप्तर आवरणे ही चांगली सवय आहे, पण तिच्यात दुसरा माणूस नाही. धाकट्या भावंडाला खेळवणे, आजारी माणसाला औषधाची वेळ सांगणे किंवा पाळीव प्राण्याच्या पाण्याची काळजी घेणे यांत दुसरा जीव समोर असतो. अर्थात तान्ह्या बाळाची संपूर्ण जबाबदारी मुलावर टाकू नये, आणि त्याची झोप, शिक्षण व खेळ यांवर गदा येईल इतका भारही देऊ नये.

याची वेळ आपण समजतो त्यापेक्षा लवकर येते. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की दीड वर्षाची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात. या वयातील उत्साहाला आपण ‘लुडबुड’ म्हणून बाजूला सारतो आणि काही वर्षांनी तेच मूल हाक मारूनही उठत नाही, अशी तक्रार करतो. काम दुप्पट वेळ घेईल हे धरून चालावे. मात्र त्याबद्दल खाऊ किंवा खेळण्याचे आमिष दाखवू नये, कारण त्यांच्याच पुढील प्रयोगांत वस्तुरूप बक्षीस मिळालेल्या मुलांनी नंतर कमी मदत केली.

मदत कोणत्या शब्दांत मागावी, याला एकच नियम नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ग्रामीण ब्राझीलमधील आया लहानग्यांना ठामपणे काम सांगत, तर जर्मनीतील म्युन्स्टर शहरातील आया विचारून आणि कारण देऊन सांगत. ज्या ठिकाणी जी पद्धत रूढ होती, तिचाच मुलांच्या मदतशीलतेशी संबंध आढळला. म्हणून दुसऱ्या समाजातील संभाषणाची ढब उसनी आणण्याची गरज नाही.

मुलाने कोणाला दुखावले, तर तो प्रसंग विशेष काळजीने हाताळावा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी दुसऱ्यावर झालेला परिणाम समजावून सांगण्याच्या पद्धतीवर भर दिला होता. ‘असे करायचे नसते’ एवढ्यावर न थांबता ‘तू ढकललेस, तिचा गुडघा दुखतो आहे, म्हणून ती रडते आहे’ असे सांगावे आणि मग ‘आता तिच्यासाठी काय करू या?’ असे विचारावे. हे सांगताना आवाजात कळकळ असावी. झाहन-वॅक्सलर आणि सहकाऱ्यांच्या १९७९ सालच्या अभ्यासात ज्या आया असे भावनेने समजावत, त्यांची मुले चूक भरून काढण्याचा प्रयत्न अधिक करत. लांबलचक प्रवचन मात्र टाळावे, आणि बळजबरीने वदवून घेतलेल्या ‘सॉरी’वर समाधान मानू नये.

वाटून घेण्याबाबतही सक्ती फारशी उपयोगी पडत नाही. २०१३ सालच्या एका प्रयोगात, आपली वस्तू ठेवायची की दुसऱ्याला द्यायची हे ज्या तीन-चार वर्षांच्या मुलांना स्वतः ठरवू दिले, त्यांनी पुढच्या वेळी अधिक वाटले. निवड खरी असावी, म्हणजे मुलाने ‘नाही’ म्हटले तरी ते मान्य करण्याची तयारी पालकांची असावी, आणि हेच अवघड जाते.

सातव्या-आठव्या वर्षानंतर चित्र बदलते. स्वतःला तोशीस लागणारी मदत करावी की नाही, याबाबत निरनिराळ्या समाजांतील मुले साधारण या वयापासून आपापल्या समाजातील मोठ्यांसारखी वागू लागतात, असे २०१३ सालच्या सहा समाजांच्या तुलनेत आढळले. आपल्या माणसांशी प्रेमाने वागणारे पालक परक्यांशी, घरकामाला येणाऱ्यांशी, वेगळी भाषा बोलणाऱ्यांशी कसे वागतात, हे या वयात मुले पाहत असतात. कोणाला पैसे, वस्तू किंवा वेळ द्यायचा झाल्यास तो निर्णय मुलांच्या पाठीमागे उरकू नये: किती द्यायचे, त्यासाठी घरातील कोणता खर्च पुढे ढकलायचा आणि ज्याला द्यायचे त्याला नेमके काय हवे आहे हे आधी त्यालाच कसे विचारायचे, या चर्चेत त्यांना सामील करून घ्यावे.