चांदीचा मुलामा: माल हातावेगळा करण्याआधी कुठे, काय तपासावे

मुलाम्याचा पापुद्रा सुटला की पहिला संशय चांदीच्या टाकीवर, म्हणजे विजेच्या मदतीने दागिन्यावर चांदी चढवणाऱ्या द्रावणावर घेतला जातो. माझ्या अनुभवात मूळ बहुतेक वेळा त्याआधीच्या धुण्यात सापडते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या.

पायरी 1: पाण्याची चाचणी

पॉलिश झालेल्या दागिन्याच्या खोबणीत बफिंगचा मसाला अडकलेला असतो. अल्ट्रासॉनिक धुणे आणि विजेवरचे डीग्रीझिंग (तेलकटपणा काढणे) झाल्यावर दागिना सौम्य आम्लात बुडवा, मग स्वच्छ पाण्यातून काढून तिरका धरा आणि 30 सेकंद नुसते बघा. पाण्याचा पडदा सलग राहिला तर धातू स्वच्छ. डाकाच्या (सोल्डरच्या) जोडाजवळ किंवा कडीच्या मुळाशी पाणी मागे सरकून थेंब झाले, तर तिथे तेलकटपणा आहे. जॉब, म्हणजे तो नग, परत धुण्याला पाठवा. आम्लात बुडवण्याची पायरी वगळू नका, कारण क्लीनरचा साबणी थर अंगावर राहिला तर मळकट दागिन्यावरही पाणी सलग पसरते.

इथे जिवाशी गाठ आहे, म्हणून स्पष्ट सांगते. चांदीच्या बहुतेक टाक्यांत सायनाइड असते. त्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघतो. आम्लानंतर वाहत्या पाण्याचे धुणे हवेच. आम्ल आणि सायनाइडची भांडी, साठवण, सांडपाणी सगळे वेगळे ठेवा, आणि हवा खेचणारा पंखा चालू असल्याशिवाय कामाला हात लावू नका.

पायरी 2: स्ट्राइक

तांबे किंवा पितळ थेट मुख्य टाकीत गेले, तर वीज नसतानाही चांदी त्यावर आपोआप बसते. ही चांदी सैल असते आणि पुढचा सगळा थर तिच्यावरच उभा राहतो. ते टाळण्यासाठी आधी कमी चांदी आणि जास्त सायनाइड असलेल्या स्ट्राइकच्या टाकीत काही सेकंद पातळ थर द्यावा. जॉब टाकीत सोडतानाच करंट चालू असला पाहिजे.

पायरी 3: जाडी

ॲम्मीटरवर डोळे झाकून विसंबू नका, तराजू वापरा. 1 अँपिअर-तासात साधारण 4.02 ग्रॅम चांदी बसते. 100 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर 1 मायक्रॉन थराचे वजन होते सुमारे 0.105 ग्रॅम. म्हणजे एवढ्याच पृष्ठभागावर 5 मायक्रॉन हवे असतील, तर वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित जास्त वाढले पाहिजे. 1 अँपिअरला त्यासाठी साधारण 8 मिनिटे लागतात. वजन कमी भरले तर रॅकचे, म्हणजे दागिने टांगायच्या चौकटीचे, संपर्क तपासा. जिथे दागिना टांगतो तिथला गंज किंवा जुना थर करंट अडवतो.

वजनातून फक्त सरासरी कळते. कडांवर थर जाड बसतो, खोबणीत पातळ. एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी थराची जाडी मोजणारे) असेल तर कडेला, मध्ये आणि खोबणीत अशी निदान तीन मापे घ्या आणि ग्राहकाला सांगितलेली जाडी सर्वांत पातळ जागी मिळते का, ते बघा. कडा काळपट, खरखरीत झाल्या असतील तर करंट जास्त झाला. सगळा माल धुरकट दिसत असेल तर ब्राइटनरची, म्हणजे टाकीत चकाकीसाठी घालतात त्या रसायनाची, मात्रा तपासा.

पायरी 4: पकड

प्रत्येक लॉटमधला एक नमुना बळी द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. तांब्या-पितळेचा नमुना ओव्हनमध्ये 250 अंश सेल्सिअसला तापवून साध्या तापमानाच्या पाण्यात टाका. फोड आले तर पकड कच्ची आहे. जस्ताचा मिश्रधातू असेल तर 150 अंशांवर थांबा. नरम डाक लावलेला नमुना तापवूच नका, जोडच वितळू शकतो. तो वाकवून बघा.

पायरी 5: उशिरा येणारे डाग

पोकळ मणी आणि डाकाच्या बारीक छिद्रांत टाकीचे पाणी अडकून राहते. दागिना त्या दिवशी लख्ख दिसतो आणि काही दिवसांनी तपकिरी ठिपके उमटतात. म्हणून शेवटचे धुणे गरम, क्षाररहित पाण्यात करा, पूर्ण सुकवा आणि काही नग दोन-तीन दिवस बाजूला ठेवून मगच लॉट पाठवा.

बांधणीकडेही लक्ष असू द्या. चांदी गंधकाने काळी पडते आणि साध्या रबरबँडमध्ये गंधक असते. साखळ्यांच्या जुड्या रबराने बांधू नका.