जुना फोटो नीट करायचाय? मग मूळ लेअरला हात लावू नका

आजी-आजोबांचा लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो बहुतेक घरात असतोच, आणि तो पिवळा पडलेला, मधे घडी गेलेली, कोकणातलं घर असेल तर वर बुरशीचे ठिपके पण. असा फोटो फोटोशॉपमधे घेतला की बरेच जण थेट त्याच्यावरच क्लोन स्टँप (एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे उमटवणारं टूल) फिरवायला लागतात, घडी जाते पण सोबत आजीचा गालही जातो आणि मग कंट्रोल झेड दाबत बसा, हिस्टरीत, म्हणजे मागे जायच्या यादीत, डिफॉल्टला ५० च स्टेप असतात आणि फाईल एकदा बंद केली की त्याही गेल्या. म्हणून सगळं काम वेगवेगळ्या लेअरवर करायचं, लेअर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा, मूळ फोटो खाली जसाच्या तसा राहिला पाहिजे. फोटोशॉपमधे लेअर्स १९९४ साली ३.० व्हर्जनला आले तेव्हापासून ही सोय आहे, तरी लोक वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी स्कॅन. ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करा, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाईट असला तरी कलरमधेच करा, कारण रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो, त्यात पिवळे डाग ब्लू चॅनलमधे सगळ्यात जास्त दिसतात आणि रेडमधे बरेच कमी, नंतर ब्लॅक अँड व्हाईट करताना रेडचा भाग जास्त घेतला की अर्धे डाग आपोआप फिके पडतात. फाईल टिफमधे सेव्ह करा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका हो, काचेसकटच स्कॅन करा.

आता एफ ७ दाबून लेअर पॅनल उघडा. खाली बॅकग्राउंडला कुलूप दिसेल, ते राहू द्या. कंट्रोल शिफ्ट एन करून रिकामा लेअर घ्या आणि त्याला नाव द्या, 'घड्या' म्हणा, 'डाग' म्हणा, पण द्याच, नाहीतर लेअर १, लेअर २ असं करत पुढे काही कळत नाही. खरडायचं ते या कागदावर. हीलिंग ब्रश घेतला की वरच्या पट्टीत सँपलमधे 'करंट अँड बिलो' निवडा, स्पॉट हीलिंगला 'सँपल ऑल लेअर्स'वर टिक करा, हे राहिलं तर रिकाम्या लेअरवर काहीच होत नाही आणि माणूस म्हणतो ब्रश बिघडला.

हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग बघून जुळवून घेतो, म्हणून गाल, कपाळ, मागचा पडदा इथे मस्त चालतो, पण जिथे गडद-उजळ एकदम बदलतं, म्हणजे हनुवटीची कड, नऊवारीचा काठ, मंगळसूत्र, तिथे तो काळपट फासतो. तिथे क्लोन स्टँप, आणि तो वेगळ्या लेअरवर. ब्रश ओरखड्यापेक्षा थोडासाच मोठा ठेवायचा आणि टिचक्या मारत जायचं, एकदम लांब ओढायचं नाही.

चेहऱ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. घडी गालावरून नथीपर्यंत गेली असेल तर आधी फुल झूम करून नथीचे मोती कुठे संपतात ते बघा, मगच त्वचेला हात लावा. तीळ, सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण हे डाग नाहीत, ते राहू द्या. एक डोळा पूर्ण गेला असेल तर लोक दुसरा डोळा कंट्रोल जेने नव्या लेअरवर कॉपी करून, फ्लिप हॉरिझाँटलने आडवा उलटवून चिकटवतात आणि चेहरा परका दिसायला लागतो, कारण बुबुळातली लाईटची चमक उलट बाजूला जाते. फ्लिप करा, पण त्या लेअरला मास्क (काही भाग न खोडता लपवणारा थर) लावून फक्त जेवढं हवं तेवढंच दाखवा, आणि चमक दुसऱ्या डोळ्यात जिकडे आहे तिकडेच नव्याने काढा.

मास्कचं गणित सोपं आहे, पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे लपतं. डी दाबून काळा-पांढरा आणा, एक्सने अदलाबदल करा. अर्धा फोटो उडालाय, म्हणजे फिका पडलाय, असं असेल तर कर्व्ह्सचा ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या फोटोचा गडद-उजळपणा बदलणारा लेअर) घ्या, गडद करा, त्याच्या मास्कवर कंट्रोल आय मारून तो पूर्ण काळा करा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, ओपॅसिटी (ठसठशीतपणा) २०-३० टक्के ठेवून, उडालेल्या भागावर हळूहळू फिरवा. कर्व्ह्स लावल्यावर परत घडी दुरुस्त करायची वेळ आली तर सँपलच्या शेजारचं ॲडजस्टमेंट लेअर इग्नोर करायचं बटण चालू करा, नाहीतर करेक्शन दोनदा लागून ठिगळ दिसतं.

रंग भरायचा असेल तर नवीन लेअर, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरशी मिसळायची पद्धत) 'कलर'. पण साडी हिरवी होती की जांभळी हे घरातल्या मोठ्यांना विचारा, मनाने भरू नका. रंगाचे लेअर कंट्रोल जीने एका ग्रुपमधे टाका, पॅनलमधे ग्रुपसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट पण तयार.

जिंप हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर पद्धत हीच, फक्त तिथे हील टूल रिकाम्या लेअरवर न चालवता मूळ लेअरची डुप्लिकेट काढून तिच्यावर चालवा, आणि फाईल एक्ससीएफ या जिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमधे ठेवा. पैसे खर्च करायचे नसतील तर फोटोपी ब्राउझरमधेच चालतं, फोटोशॉपची लेअरवाली फाईल, पीएसडी, पण उघडतं.

सेव्ह करताना फ्लॅटन करू नका, म्हणजे सगळे लेअर एकात मिसळू नका, पीएसडी ठेवाच, लॅबला द्यायची जेपेग वेगळी काढा, जेपेगमधे लेअर राहत नाहीत. व्हॉट्सॲपवर नातेवाईकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे कॉम्प्रेस होऊन खराब होणार नाही. आणि प्रिंटआधी ऑल्ट दाबून बॅकग्राउंडच्या डोळ्यावर क्लिक करा, फक्त मूळ फोटो दिसेल, परत क्लिक केलं की दुरुस्त केलेला, असं चार वेळा करून बघा आणि ज्यांनी त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनाही दाखवा, त्यांनी 'नाक जरा वेगळं वाटतंय' म्हटलं तर तो लेअर शोधून ओपॅसिटी कमी करा, बाकी कशाला हात लावावा लागत नाही.